‘मला कमी का?’



एन.आर.सी. कारखान्यामुळे मोहन्यात नाना प्रांतांची कुटुंबे शेजारी आली. 2009 मध्ये कारखाना बंद पडला. पण वसाहतीत खेळणारी मुले ज्यांनी पाहिली, त्यांना आठवत असेल : घरची भाषा निरनिराळी, भांडणाची मात्र एकच. ‘माझे आहे’, ‘आधी मी’ आणि सर्वांत मोठी तक्रार, ‘मला कमी का?’

ही तक्रार केवळ आपल्या अंगणातली नव्हे. भारतासह सात देशांतील मुलांचा एक अभ्यास 2015 मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. दोन मुलांपुढे खाऊ मांडला जाई. ती वाटणी स्वीकारायची, की दोघांचाही खाऊ जाऊ द्यायचा, हे एकाने ठरवायचे. आपल्याला कमी आले तर खाऊवर पाणी सोडण्याची वृत्ती सातही देशांत दिसली. आपल्याला अधिक मिळते म्हणून नाकारण्याची वृत्ती तीनच देशांत, तीही मोठ्या वयात. त्या तिहींत भारत नव्हता. अपरिग्रहाचा वारसा सांगणाऱ्यांना हे थोडे टोचावे!

मॉंटेसरी बालमंदिरात प्रत्येक साधन एकेकच ठेवतात; दुसऱ्याचे होईपर्यंत मुलाला थांबावे लागते. ताराबाई मोडक यांनी 1945 मध्ये तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ही पद्धत खेड्यातील मुलांसाठी साधी, स्वस्त केली. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला होत्या.

मुले पाव तासात पुन्हा खेळू लागतात. त्यांच्यासाठी मध्ये पडलेली दोन घरे मात्र संवत्सरीपर्यंत, कधी कधी त्यानंतरही, एकमेकांशी बोलत नाहीत.