बोटावरील चाव्याची नोंद
(वैद्यकीय अभिलेख विभागाच्या वतीने कर्मचारीवर्गासमोर केलेले भाषण)



बोटाला चावा बसलेला रुग्ण अपघात विभागात येतो तेव्हा जखम बहुधा लहानच दिसते. ती साबणाने व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुतली जाते, इंजेक्शन दिले जाते आणि रुग्ण घरी जातो. पुढील भेटीस डॉक्टर बदललेले असतात. त्यांच्या हाती असतो तो केवळ केसपेपर. त्यावर ‘बोटाला जखम’ एवढेच लिहून भागत नाही, हे आज आम्हांस सांगावयाचे आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीनुसार अशा उघड्या जखमेस दोन संकेतांक लागतात. पहिला जखमेचा : नखास इजा नसल्यास एस ६१.०, असल्यास एस ६१.१. दुसरा कारणाचा : कुत्रा चावल्यास डब्ल्यू ५४, उंदीर चावल्यास डब्ल्यू ५३, माणसाचा दात अनवधानाने लागल्यास डब्ल्यू ५०, तर मारहाणीत चावा घेतला असल्यास वाय ०४. पहिलाच संकेतांक घातला, तर विळीने कापलेले बोट आणि कुत्र्याने फोडलेले बोट वार्षिक तक्त्यात एकाच रकान्यात जाऊन बसतात. शिवाय हात उजवा की डावा, बोट कोणते, हे या संकेतांकांतून कळत नाही. ते शब्दांतच लिहावे लागते.

कुत्र्याचा दात त्वचा भेदून गेला असेल, तर तो एकच चावाही तिसऱ्या श्रेणीत मोडतो. अशा वेळी लसीबरोबरच जखमेत इम्युनोग्लोब्युलिन द्यावे लागते. त्याची मात्रा वजनावर ठरते : मानवी असल्यास किलोमागे २० एकक, घोड्यापासूनचे असल्यास ४०. म्हणून वजन, प्रकार आणि बोटात प्रत्यक्ष टोचलेले प्रमाण यांची नोंद हवी. आपल्या देशात लस त्वचेत दिल्यास ०, ३, ७ व २८ या दिवशी देतात. स्नायूत दिल्यास १४ व्या दिवशीही एक मात्रा असते. लस कोठे दिली हेच लिहिले नाही, तर पुढची तारीख कशी ठरणार? रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की रुग्ण वाचणे जवळजवळ अशक्य असते.

माणसाच्या दाताची जखम पुष्कळदा लपविली जाते. ठोसा मारताना बोटाच्या मुळाशी लागलेला दात सांध्यापर्यंत पोहोचून सांधा पिकवू शकतो. रुग्ण मात्र ‘दारात बोट सापडले’ असे सांगतो. त्याचे म्हणणे त्याच्याच शब्दांत आणि तपासणीत आढळलेले वेगळे लिहावे. बोट वाकते काय, स्पर्श कळतो काय, हेही नमूद करावे.

कुत्र्यांमुळे होणारा रेबीज २०३० पर्यंत हटविण्याची राष्ट्रीय योजना केंद्र शासनाने २०२१ साली जाहीर केली. चाव्यांची खरी मोजदाद आपल्या केसपेपरपासून सुरू होते. केसपेपरवर जे नाही, ते आमच्या विभागास अंदाजाने भरता येत नाही. तेव्हा डॉक्टर व परिचारिका भगिनींनी आणखी दोन ओळी लिहाव्यात, ही नम्र विनंती.