घराचा हक्क आणि आपली जबाबदारी

(संस्थेच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनी शिक्षण, नोकरी, आरक्षण या विषयांवर बोलण्याची आपली प्रथा आहे. आज आम्ही एका साध्या गोष्टीवर बोलणार आहोत. ती म्हणजे भाड्याची खोली. शहरात शिकायला आलेल्या मुलापुढे पहिल्या दिवशी पुस्तकांचा प्रश्न नसतो. रात्री पाठ कुठे टेकायची, हा प्रश्न असतो.

आम्ही बँकेत नोकरी करणारी माणसे. बदली झाली की नव्या गावी घर शोधणे आलेच. फोनवर एजंट सांगतो, "साहेब, जागा रिकामी आहे, लगेच या." बँकेची नोकरी म्हटल्यावर मालकही खूश होतो. चहा येतो आणि चहाबरोबर प्रश्न येतो, "पूर्ण नाव काय म्हणालात?" आडनावावरून उलगडा झाला नाही तर मूळ गाव विचारले जाते, घरात कोणते देव आहेत ते विचारले जाते. दुसऱ्या दिवशी निरोप मिळतो की मालकाचा पुतण्या राहायला येणार आहे. एकदा त्या पुतण्याची आम्ही महिनाभर वाट पाहिली. 'भाड्याने देणे आहे' ही पाटी तशीच लटकत होती! आता जातीचे नाव कोणी घेत नाही. ताटात काय असते याची चौकशी होते, एवढेच.

हा केवळ आमचा अनुभव नाही. डॉ. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली व आसपासच्या शहरांत भाड्याच्या घरांविषयी केलेला अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. माणूस तसाच, चौकशी तीच. पण नाव बदलले की घरमालकाचे उत्तर बदलत होते. दलितांना नकार मिळत होता आणि मुसलमानांना त्याहूनही अधिक.

बंधू-भगिनींनो, हे दुःख बाबासाहेबांनी भोगलेले आहे. १९१७ साली परदेशातले उच्च शिक्षण घेऊन ते बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. एवढ्या विद्वान माणसाला त्या शहरात राहायला जागा मिळेना. नाइलाजाने नाव लपवून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेला जमाव आला आणि त्यांना बाहेर काढले. मित्रांनीही घरात घेण्याची असमर्थता दाखवली. मुंबईच्या गाडीची वाट पाहत ते कामाठी बागेत बसून राहिले. ती बाग म्हणजेच आजची सयाजीबाग. तेथील जागेला आज आपण संकल्पभूमी म्हणतो.

या प्रसंगातून आम्ही एक गोष्ट शिकलो. लपवलेले नाव दहा दिवस छप्पर देते. अकराव्या दिवशी ते छप्पर जाते. आज आपली कित्येक मुले आडनाव गाळतात, बाबासाहेबांची तसबीर ट्रंकेत ठेवतात, वंदना मनातल्या मनात म्हणतात. पंचशीलातील चौथे शील आपण रोज घेतो आणि खोलीसाठी त्याच मुलाला खोटे बोलावे लागते. आम्ही त्या मुलाला दोष देत नाही. परीक्षा तोंडावर आली असताना त्याने एकट्याने लढावे, असे सांगण्याचा अधिकार कोणाला आहे? पण तो एकटा पडतो, याचा दोष मात्र आपला, संघटित म्हणवणाऱ्यांचा आहे.

कायदा काय सांगतो ते विद्यार्थ्यांनी नीट ध्यानात घ्यावे. घटनेच्या कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. नागरी हक्क संरक्षण अधिनियम, १९५५ च्या कलम ४ नुसार अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणत्याही वस्तीत घर बांधण्यास, घेण्यास किंवा त्यात राहण्यास आडकाठी करणे हा गुन्हा आहे. असे कृत्य अनुसूचित जातीच्या व्यक्तीबाबत घडले, तर ते अस्पृश्यतेमुळेच घडले असे न्यायालय कलम १२ नुसार गृहीत धरते. तसे नाही हे आरोपीने सिद्ध करायचे असते. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांचाही अनुसूचित जातींत समावेश झाला, म्हणून जातीचे प्रमाणपत्र वेळीच काढून ठेवावे. राहते घर सोडण्यास भाग पाडणे हा १९८९ च्या अॅट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा आहे.

कायद्याची उणीवही सांगितली पाहिजे. अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेने सभासदत्व पारशांपुरते ठेवण्याचा नियम केला होता. तो सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली मान्य केला. अस्पृश्यता पाळण्याची मुभा त्या निकालाने कोणाला दिलेली नाही. पण आपापल्या जमातीची कुंपणे त्याने शाबूत ठेवली. शिवाय 'पुतण्या येणार आहे' या वाक्यावर खटला उभा करणे सोपे नाही. म्हणूनच पुरावा हवा.

तेव्हा खोली पाहायला एकट्याने जाऊ नये. सोबत एक साक्षीदार न्यावा. तारीख, वेळ, एजंटाचे नाव आणि उच्चारलेले शब्द त्याच दिवशी वहीत लिहावेत. फ्लॅट विकत घेताना सोसायटीने सभासदत्व नाकारले, तर अर्ज लेखी देऊन पोच घ्यावी. तीन महिन्यांत उत्तर देणे सोसायटीवर बंधनकारक आहे आणि नकाराविरुद्ध निबंधकाकडे दाद मागता येते. अनुसूचित जातीच्या व्यक्तीला उत्पन्नाची अट न लावता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. १४५६६ या क्रमांकावरही तक्रार नोंदवता येते.

पण कायद्याचे पाऊल मंद असते आणि मुलाला खोली आज रात्री हवी असते. स्वाधार योजनेचे पैसे खात्यात जमा होतात, पण पैशाने कुलूप उघडतेच असे नाही. म्हणून आमची संस्थेला कळकळीची विनंती आहे. ज्या सभासदांकडे जादा खोली आहे त्यांची यादी आजच करावी. तक्रार करणाऱ्यासोबत पोलीस ठाण्यात जाण्यासाठी दोन जाणत्या सभासदांची नावे ठरवावीत.

आणि शेवटी थोडे स्वतःकडे पाहू. आपल्यापैकी काहींची आता घरे झाली आहेत. दारात भाडेकरू आला की आपणही "मुसलमान नको", "त्या जातीचा नको" म्हणतो की नाही? म्हणत असू, तर बडोद्याच्या त्या जमावातली एक लाठी आपल्याही हातात आहे. ती आज खाली ठेवू या. पुढच्या वर्धापनदिनापर्यंत आपल्या एकाही मुलाची तसबीर ट्रंकेत राहणार नाही, असा निर्धार करून आम्ही रजा घेतो.

जयभीम! नमो बुद्धाय!