आमच्या चेतकचा निरोप
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाई म्हणाल्या, "काहीतरी घरगुती बोला." म्हणून २०२४ साली आमच्या घरातून जी गेली, तिच्याविषयी बोलते. हसू नका, ती स्कूटर होती!

बजाजची चेतक १९७२ साली निघाली. राणा प्रतापांच्या घोड्याचे नाव तिला दिलेले. कारखाना आकुर्डीला, आम्ही राहणार पुण्यात, तरी नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. परदेशी चलन भरणाऱ्याला लवकर मिळे. आमच्याकडे ते कुठून असणार? नंबर लावला तेव्हा थोरला पाळण्यात होता. १९८४ साली गाडी दारात आली, तेव्हा तो शाळेत जात होता. मी तिला ओवाळले, हळदकुंकू लावले. त्यानंतर दर दसऱ्याला तिला झेंडूचा हार असे.

थोरला पुढे उभा, धाकटी आमच्या दोघांच्या मधे, मी मागे एका अंगाने बसलेली, मांडीवर पिशवी. इंजिन उजव्या अंगाला, त्यामुळे गाडीचा तोल उजवीकडे जाई. पेट्रोलमध्ये ऑइल घालावे लागे आणि प्लगवर काजळी धरे. थंडीत तर गाडी आडवी कलंडवून, परत उभी करून किक मारायची. आमचे हे ऑफिसला निघाले की सारी आळी त्या किका मोजत असे.

आता मुख्य गोष्ट. १९९१च्या पावसाळ्यात एका रात्री ह्यांच्या छातीत दुखू लागले. शेजारी गावाला गेलेले, घरात फोन नाही. मी पावसात नाक्यापर्यंत धावले. रिक्षा मिळेपर्यंत अर्धा तास गेला असेल. परत आले तेव्हा जिन्याखाली ती उभी होती, टाकीत पेट्रोल होते, किल्ली खुंटीला होती. सात वर्षे मी तिच्यावर बसले होते, पण बसलेच होते! हे वाचले, देवाची कृपा. पण त्या अर्ध्या तासाने मला पुढे कित्येक रात्री झोपू दिले नाही.

हे बरे झाल्यावर मी म्हटले, "मला शिकवा." वय एकेचाळीस. ह्यांना आधी हसू आले, मग माझा चेहरा पाहून गप्प झाले. पहाटे शाळेच्या मैदानावर पदर खोचून जात असे. डाव्या मुठीत क्लच दाबायचा आणि तीच मूठ फिरवून गिअर टाकायचा, ह्यात मनगट सुजले. दोनदा पडले. हे दगडावर बसून ओरडत, "क्लच हळू सोड!" तिसऱ्या महिन्यात परवाना हाती आला. पुढे तुमच्यापैकी कितीजणी माझ्या मागे बसून मंडईत आल्या आहेत, ते आठवा. (इथे ज्या हसल्या, त्यांनीच तेव्हा मला नावे ठेवली होती. असो.)

२०१७ साली हे गेले. गाडी तिथेच राहिली. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणी वाढवावी लागते. २०२४ साली पुन्हा ती वेळ आली. माझ्या गुडघ्याला किक झेपेना, सुटे भाग मिळेनात, धूर तर विचारू नका. मुलगा म्हणाला, "तू सांगशील तसे करू." निर्णय माझ्यावर सोडला, हे मला फार आवडले. दोन दिवस मी काही बोलले नाही. तिसऱ्या दिवशी म्हटले, "कागदपत्रे काढ."

टेम्पो आला त्या सकाळी मी तिला पुसली. दसरा नव्हता, तरी हार घातला. हमालांनी ती उचलली तेव्हा सवयीने मी म्हणाले, "उजव्या अंगाला सांभाळा रे."

डिकीतला प्लगपाना मात्र मी काढून घेतला. तो स्वयंपाकघराच्या फळीवर असतो. सूनबाई विचारते, "हा इथे कशाला?" मी म्हणते, "असू दे."