वाळवंटातली शमी आणि आपला बांध



मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा 45 अंशांच्या वर गेला की आपण म्हणतो, खान्देशाचं आता वाळवंट होणार. म्हणून आज खऱ्या वाळवंटाबद्दलच बोलू या.

राजस्थानातलं थर हे आपल्या देशातलं सर्वांत मोठं उष्ण वाळवंट. जैसलमेरकडे वर्षाला 200 मिलिमीटरही पाऊस होत नाही. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी 500 ते 700 होतो. तिथे हवेत ओल नाही, आभाळ निरभ्र. म्हणून दिवसा वाळू भाजते आणि रात्री लवकर गार होते.

तिथले जीव थेंब थेंब जपून जगतात. उंटाच्या कुबडात पाणी नसतं, चरबी असते. चारा नसला की ती कामी येते. वाळवंटी कोल्हा ऊन बिळात काढतो, अंधारात शिकारीला निघतो. केराच्या झुडपाला पानं जवळजवळ नसतातच, म्हणून पाणी कमी उडतं. हा केर म्हणजे आपली नेपती.

आणि तिथली खेजडी म्हणजे दसऱ्याला आपण पूजतो ती शमी! मुळं खूप खोल जातात, म्हणून भर उन्हाळ्यात ती हिरवी असते. पाला शेळ्या-उंटांना, शेंगांची भाजी माणसांना, आणि तिच्या आसपास बाजरी चांगली येते. 1730 साली जोधपूरजवळच्या खेजडली गावात राजाची माणसं ही झाडं तोडायला आली. अमृतादेवी बिश्नोई झाडाला मिठी मारून उभ्या राहिल्या. त्यांच्यासह 363 जणांनी जीव दिला.

ज्यांच्याकडे पाऊस नाही, ते झाड असं जपतात. आपल्याकडे पाऊस आहे, पण बांधावरची बाभूळ, हिवर, कडूनिंब जेसीबीने एका दिवसात जातात. मग निंदणीला, वेचणीला गेलेल्या बाईने भाकर खायला बसायचं कुठे? शेळीला पाला कुठला? उघड्या जमिनीची माती वाऱ्याने उडते, पहिल्या पावसात वाहते. वाळवंटाकडे वाट जाते ती अशी.

म्हणून येत्या बैठकीत दोन गोष्टी ठरवू. बांधावरचं उभं झाड घरातल्या बाईला विचारल्याशिवाय तोडायचं नाही. आणि पहिला चांगला पाऊस झाला की प्रत्येकीने एक शमी किंवा कडूनिंब लावायचा, दोन-तीन वर्षं शेळ्यांपासून काटेरी कुंपण करून राखायचा. दसऱ्याला शमीची पानं न्यायची, पण फांदी मोडायची नाही.

चला, उन्हात जपा. भेटू पुढच्या वेळी.