परमिट रूमचे भांडवल
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आपल्या ज्ञातीतील काही तरुणांनी परमिट रूम व बार काढण्याकरिता मंडळाच्या कर्जनिधीकडे अर्ज केले आहेत. त्या धंद्यास लागणाऱ्या भांडवलाविषयी चार शब्द बोलावेत, अशी कार्यकारी मंडळाने मला आज्ञा केली. मद्यपान बरे की वाईट, हा आजचा विषय नव्हे. माझे आयुष्य मुलांना व्याजाची व नफातोट्याची उदाहरणे घालण्यात गेले. तेव्हा मी बोलणार ते हिशेबाचेच.

अर्जांसोबतची अंदाजपत्रके मी वाचली. खुर्च्या, दिवे, फ्रीज, भिंतींची सजावट यांचा खर्च त्यांत पैपर्यंत मांडलेला आहे. हा खर्च डोळ्यांना दिसतो. परंतु या धंद्यातील मोठा खर्च वाट पाहण्याचा आहे, आणि त्याला एकाही अर्जात रकाना नाही.

उदाहरण म्हणून असे धरू, की जागेचे भाडे दरमहा १ लक्ष रुपये आणि अनामत सहा महिन्यांची. किल्ली हाती येते त्या दिवसापासून भाडे चालू होते. परवाना मात्र विशिष्ट जागेसाठी मिळतो. म्हणून जागा ताब्यात आल्यावाचून तो मागता येत नाही. मग शाळा, देवस्थान यांच्यापासूनचे अंतर मोजणे आले, पोलिसांचा व अग्निशामक दलाचा दाखला आला, उत्पादन शुल्क खात्याकडील नकाशे व तपासण्या आल्या. यात आठ महिने गेले, तर ६ लक्ष अनामत आणि ८ लक्ष भाडे मिळून १४ लक्ष रुपये पहिला पेला भरण्यापूर्वीच खर्ची पडतात. त्यांपैकी ८ लक्ष कधीच परत येत नाहीत. शिवाय कर्जाचे व्याज रात्रीही झोपत नाही, हे आपण जाणताच.

यावर जाणत्या लोकांनी काढलेला उपाय साधा आहे. प्रथम नुसते भोजनगृह सुरू करावे व परवान्याचा अर्ज मागाहून चालू ठेवावा. भाड्याचा काही भाग तरी थाळी उचलते, आणि गिऱ्हाईक येते की नाही याची परीक्षाही होते.

करांचीही एक गोम आहे. मद्य वस्तू व सेवा कराच्या बाहेर आहे. त्यावर राज्याचे निराळे कर बसतात. भोजनगृहांनाही २०१७ च्या नोव्हेंबरपासून साधारणतः ५ टक्के दराबरोबर खरेदीवरील कराची वजावट बंद झाली. म्हणजे फर्निचर व यंत्रे घेताना भरलेला कर कापडाच्या किंवा भांड्यांच्या व्यापाऱ्याप्रमाणे वळता होत नाही; तो आपल्याच भांडवलात मुरतो.

परवान्याचे शुल्क दरवर्षी भरावयाचे असते, धंदा चालो वा न चालो. आणि परवाना हा आपला हक्क नव्हे. मद्यव्यापाराचा मूलभूत हक्क कोणास नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली खोडे डिस्टिलरीज प्रकरणी सांगितले. त्याचा अर्थ २०१७ साली अनेकांस कळला. महामार्गापासून ५०० मीटरांच्या आत मद्यविक्री नको, हा निर्णय डिसेंबर २०१६ मध्ये झाला. तो बारनाही लागू असल्याचे ३१ मार्च २०१७ रोजी स्पष्ट होताच, दुसऱ्या दिवसापासून कित्येक चालते बार बंद पडले. नगरपालिका हद्दींस तो लागू नाही, हा खुलासा जुलैमध्ये आला. मधल्या महिन्यांचे भाडे कोणी दिले असेल? पुढे २०२० च्या मार्चात टाळेबंदी आली आणि आपल्या राज्यातील बार ५ ऑक्टोबरला उघडले. यास्तव किमान सहा महिन्यांचे भाडे, पगार व हप्ते निराळे बाजूला ठेवलेले असल्याशिवाय अर्ज पुरा समजू नये, अशी माझी मंडळास सूचना आहे.

आगीचा बंदोबस्त काटकसरीची जागा नव्हे. डिसेंबर २०१७ मध्ये मुंबईच्या कमला मिल आवारातील आगीत १४ माणसे गेली. बाहेर पडण्याची दुसरी वाट ठेवली की चार मेजे कमी होतात. ती कमी धरूनच उत्पन्न मांडावे.

नाइटक्लबविषयी एका अर्जात उल्लेख आहे. गाणी वाजविण्याचे हक्क विकत घ्यावे लागतात आणि आवाज बाहेर जाऊ नये म्हणून सगळी खोली आतून मढवावी लागते. आपल्या निधीच्या आवाक्यातील ती गोष्ट नव्हे. तो अर्ज मी बाजूला ठेवला आहे.

आता भगिनींस उद्देशून. अशा धंद्यास बँका सहजासहजी कर्ज देत नाहीत, म्हणून पैसा घरातून उभा राहतो: आईच्या पाटल्या, चुलत्याची शेतजमीन, मेहुण्याचा भविष्यनिर्वाह निधी. परवाना मात्र एकाच मुलाच्या नावे असतो. उद्या बेबनाव झाला किंवा त्याचे काही बरेवाईट झाले, तर इतरांच्या हाती केवळ तोंडी वचन उरते. मागाहून भागीदाराचे नाव घालावयाचे तर खात्याची परवानगी व वेगळे शुल्क लागते. म्हणून ज्यांचे द्रव्य आहे त्यांची नावे नोंदलेल्या भागीदारीपत्रात व परवान्याच्या अर्जात आरंभीच असावीत. त्याचप्रमाणे, परवाना नामंजूर झाल्यास अनामत परत मिळेल, हे कलम भाडेकरारात घालून घ्यावे. मालक कुरकुर करील. तरी आग्रह धरावा. दोन्ही कागदांचे मसुदे मंडळातील वकीलबंधू दर रविवारी सकाळी कार्यालयात विनामूल्य पाहून देणार आहेत. अर्जदारांनी येताना वडीलधाऱ्यांसही सोबत आणावे.