देवदर्शनाची वाट आणि अपंग यात्रेकरू
(देवस्थानच्या वर्धापनदिनी महाजनांपुढे केलेले भाषण)



श्रींच्या दर्शनास आलेल्या कुळावी मंडळींपैकी एखादे वृद्ध वा पांगळे माणूस महाद्वाराबाहेर मोटारीतच बसून राहते, तेथूनच कळसाला हात जोडते आणि घरच्यांनी आणून दिलेला प्रसाद मस्तकी लावते, हे दृश्य आपणां सर्वांच्या परिचयाचे आहे. परिचयाचे झाल्यामुळेच ते आपल्याला बोचेनासे झाले आहे. गोव्याच्या पर्यटनाविषयी पुष्कळ बोलले जाते; परंतु मुंबई, कारवार, मंगळूर येथून आपल्या कुलदेवतेच्या पायांपाशी येणारा कुळावी हाही प्रवासीच होय, आणि तो बहुधा घरातील वडीलधाऱ्यांना घेऊनच येतो.

अशा माणसाला चौघांनी खुर्चीसकट उचलून आत न्यावे, हा आपला नेहमीचा उपाय. त्यामागील सद्भाव मी नाकारीत नाही. परंतु खांद्यांवरून मिरवणे पालखीतल्या देवाला शोभते. माणसाला अनोळखी खांद्यांवरून, सर्वांच्या नजरेसमोरून जाताना संकोच वाटतो, आणि पडण्याची भीती ती वेगळीच. म्हणून पुष्कळजण ‘मी इथेच बरा आहे’ असे म्हणतात, आणि आपण ते खरे मानतो.

अशा व्यक्तीस अपंग म्हणावे की दिव्यांग, यावर बराच खल झाला. नाव बदलले तरी पायरीची उंची तीच राहते. २०१६ सालच्या दिव्यांगजन हक्क कायद्याने सार्वजनिक इमारतीची जी व्याख्या केली, तीत धार्मिक कार्यासाठी लोक वापरतात त्या खासगी इमारतीही येतात. २०२४ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयानेही सुगम्यतेचे किमान नियम ऐच्छिक असून चालणार नाहीत, ते बंधनकारक हवेत, असा निर्णय दिला. २०२३ च्या जानेवारीत पणजीत अपंगांसाठी ‘पर्पल फेस्ट’ हा मोठा उत्सव भरला होता. राजधानीत ज्यांचे स्वागत होते, ते देवाच्या दारी बाहेर राहावेत हे बरे दिसत नाही.

‘वास्तू जुनी आहे, तिला हात कसा लावावा?’ असे कोणी विचारील. श्रीमंगेश १५६० साली कुशस्थळीहून नदी ओलांडून प्रियोळास आले. देवानेच स्थान बदलले. देवालयांत विजेचे दिवे आले, गुळगुळीत लाद्या आल्या, तेव्हा आपण जुनेपणाची सबब सांगितली नाही. त्याच लाद्या पावसाळ्यात ओल्या झाल्या की कुबडी टेकणाऱ्याचा घात करतात, हे जाता जाता सांगतो.

काम फार मोठे नाही. भाविकाने गर्भकुडीत जायचे नसतेच. सभामंडपापर्यंत पोचणे पुरे. चढणीचा सर्वमान्य हिशेब असा, की १ इंच उंचीस निदान १२ इंच लांबी हवी. सहा-सहा इंचांच्या ३ पायऱ्या असतील तर १८ फुटांचा उतार लागेल, आणि त्याला दोन्ही बाजूंस कठडा. हा उतार मुख्य दाराशीच असावा. मागील दाराने, खरकटी भांडी जातात त्या वाटेने, कोणाला देवदर्शनास नेऊ नये. अग्रशाळेतील तळमजल्याची एक खोली अशा कुटुंबांसाठी राखावी. तिच्या न्हाणीघराचे दार ३ फूट रुंद आणि बाहेर उघडणारे असावे.

चाकांच्या सोवळ्याओवळ्याचा प्रश्न निघेल. देवस्थानने स्वतःच्या दोन चाकाच्या खुर्च्या आवारातच ठेवाव्यात, म्हणजे रस्त्याची धूळ आत येणार नाही. ज्याची कुबडी हाच पाय आहे, त्याला मात्र ती पादत्राणांसारखी बाहेर ठेवण्यास सांगू नये. रबरी टोक ओल्या फडक्याने पुसले की झाले. अंध भाविकाला आरतीचा घोष, उदबत्तीचा परिमळ आहेच. सोबत एखाद्याने मांडणी समजावून सांगावी, दीपस्तंभाच्या चौथऱ्याला हात लावू द्यावा, देवालयाची लहान लाकडी प्रतिकृती हाती द्यावी. देवालय केवढे, कळस कसा, हे मग त्याला हातांनी कळेल.

पुढील महाजन सभेपुढे अंदाजपत्रक येईल, तेव्हा रंगरंगोटीच्या रकमेशेजारी या उताराची रकम मांडावी, अशी माझी सूचना आहे. मोजमाप घेताना चाकाची खुर्ची वापरणाऱ्या एखाद्या कुळाव्यालाच बोलवावे आणि तो सांगेल तेथे खडूची रेघ ओढावी.