नियमांची परीक्षा

कायदा लिहिणें निराळें आणि तो यंत्राच्या हातीं सोंपविणें निराळें. लंडनच्या इंपीरियल कॉलेजांतील मारेक सर्गॉट, रॉबर्ट कोवाल्स्की आदि संशोधकांनीं १९८६ सालीं हें दुसरें काम करून दाखविलें. १९८१ च्या ब्रिटिश नागरिकत्वाच्या कायद्याचा मोठा भाग त्यांनीं 'प्रोलॉग' भाषेच्या आधारें नियमरूपानें मांडला. या भाषेंत, अमुक खरें असेल तर तमुक खरें, असे नियम लिहितात. विचारलेली गोष्ट त्यांवरून सिद्ध होते कीं नाहीं, तें यंत्र सांगतें.

त्या कायद्याच्या पहिल्या कलमाचा स्थूल आशय असा: १ जानेवारी १९८३ पासून ब्रिटनमध्यें जन्मलेल्या मुलाची आई किंवा बाप जन्मसमयीं ब्रिटिश नागरिक वा तेथें स्थायिक असेल, तर तें मूल नागरिक ठरावें. आतां नियम उतरवितांना 'किंवा'च्या जागीं 'आणि' पडला, तर आई स्थायिक असूनहि मूल परकें ठरेल. यंत्र निर्विकारपणें 'नाहीं' म्हणेल. कारण जें सिद्ध होत नाहीं तें खोटें, हा प्रोलॉगचा न्याय. एखादें नांव चुकीचें लिहिलें गेलें तरी बहुधा उत्तर तेंच.

म्हणून शहाणा नियमकार उदाहरणांच्या जोड्या करतो. हकीकत एकच, फरक एकाच गोष्टीचा. एकींत आई स्थायिक, उत्तर 'होय'. दुसरींत दोघांपैकीं कोणीच नाहीं, उत्तर 'नाहीं'. एका मुलाचा जन्म १ जानेवारी १९८३ चा, दुसऱ्याचा आदल्या दिवसाचा. दुसऱ्यास हें कलम लागूं नये. जो नियम कधींच सिद्ध होत नाहीं, तोहि 'नाहीं'च्या सर्व परीक्षांत उत्तीर्ण होतो. त्याचें बिंग 'होय'च्या परीक्षेंतच फुटतें.

पण दर दुरुस्तीनंतर हीं उदाहरणें हातानें विचारणार कोण? 'एवढ्याशा बदलानें काय होणार' म्हणून परीक्षा टळते, आणि चूक त्याच दिवशीं शिरते. हें काम शेल स्क्रिप्टवर, म्हणजे संगणकास द्यावयाच्या आज्ञांच्या यादीवर सोंपवावें. ती एकेक उदाहरण प्रोलॉगपुढें ठेवते व परत येणारा अंक पाहते. शून्य म्हणजे उत्तर अपेक्षेप्रमाणें. दुसरा कोणताहि अंक म्हणजे चूक. 'नाहीं' अपेक्षित असेल तेथें प्रश्नच उलट करून लिहावा.

तीन पथ्यें मात्र पाळावीं. प्रश्न संपतांच बाहेर पडण्याची आज्ञा प्रोलॉगला आरंभींच द्यावी. नाहीं तर तो पुढील प्रश्नाची वाट पाहत बसतो. स्वतःभोंवतींच फिरणारा नियम कधीं थांबत नाहीं; त्यास 'टाइमआउट' आज्ञेनें काळाची मर्यादा घालावी. ती उलटली कीं १२४ हा अंक येतो. आणि शेवटची परीक्षा साधली म्हणून आधींचें अपयश पुसलें जाऊं नये. एक जरी चुकली तरी सबंध यादीनें अपयशाचाच अंक द्यावा.

यंत्र न थकतां विचारील. काय विचारावें हें ठरविणें मात्र माणसाकडेच राहतें. कायद्याच्या दारांत उभ्या असलेल्या मुलासाठीं एक 'होय' आणि एक 'नाहीं' लिहून ठेवण्याचे कष्ट नियमकारानें घेतलेच पाहिजेत.